विश्लेषण : मुळाच्या टोकात काय दडले आहे? डार्विन यांचा अखेरचा वाद कोणता होता?

पावसाने ओढ दिली की खडवली परिसरातील भातशेतीची भिस्त रोपांच्या मुळांवर येते. मुळे वरवर पसरली तर रोप लवकर सुकते, खोल गेली तर तगते. ही दिशा मूळ कसे ठरवते, या प्रश्नाने चार्ल्स डार्विन यांना उतारवयात झपाटले होते.

प्रयोग काय होता?

१८०९ मध्ये जन्मलेले डार्विन १८५९ मधील उत्क्रांतीवरील ग्रंथाने जगभर पोहोचले. मात्र लंडनजवळच्या डाऊन येथील राहत्या घरी त्यांनी वनस्पतींवरही अनेक वर्षे प्रयोग केले. मुलगा फ्रान्सिस मदतीला होता. बाकल्याचे कोवळे मूळ आडवे ठेवले की ते खाली वळते. टोक छाटल्यावर मात्र ते वाढत राहिले, पण वळेना. नवे टोक फुटल्यावर पुन्हा वळू लागले. गुरुत्वाकर्षण टोकाला जाणवते आणि वळण त्याच्या मागच्या भागात येते, असा निष्कर्ष त्यांनी १८८० च्या पुस्तकात मांडला.

विरोध कोणाचा?

जर्मनीतील ख्यातनाम वनस्पतिशास्त्रज्ञ ज्युलियस झाक्स यांनी हे प्रयोग सदोष ठरवले. डार्विन यांच्याकडे सुसज्ज प्रयोगशाळा नव्हती. विशेष म्हणजे फ्रान्सिस झाक्स यांच्याच प्रयोगशाळेत काम करून आला होता. वाद मिटण्याआधीच, १९ एप्रिल १८८२ रोजी डार्विन यांचे निधन झाले.

मग बरोबर कोण ठरले?

मुख्य मुद्द्यावर डार्विन. मूलटोपीतील पेशींमधील जड स्टार्चकण खाली बसतात आणि दिशा कळते, हे १९०० मध्ये पुढे आले. ऑक्झिन हे संप्रेरक हा संदेश मागे नेते, हे नंतर उलगडले.

जनुकांचा संबंध काय?

मुळाच्या प्रत्येक पेशीत जनुके तीच असतात, पण कोणत्या ऊतीत कोणते जनुक सुरू राहील हे वेगळे असते. त्यामुळे टोक दिशा ओळखते, साल पाणी शोषते, मधला भाग ते वर नेतो. ऑक्झिन वाहून नेणारी ‘पिन’ जनुकेही ठरावीक ऊतींतच काम करतात. छाटलेले टोक पुन्हा कसे घडते, यावर पुण्याच्या आयसरमध्ये संशोधन होते.

शेतकऱ्याला काय?

जपानी संशोधकांनी २०१३ मध्ये भातातील ‘डीआरओ१’ जनुकाचे कार्य उलगडले. ते मुळाच्या टोकाजवळ काम करते आणि मूळ अधिक खाली वळवते. उथळ मुळांच्या ‘आयआर६४’ वाणात त्याचा प्रभावी प्रकार आणल्यावर मुळे खोल गेली आणि दुष्काळातही उत्पादन टिकले. डार्विन यांनी बोट ठेवलेल्या टोकातच हे उत्तर सापडले.