अ‍ॅलन ब्लमलाईन : दोन मायक्रोफोनांचे भांडण मिटवणारा अभियंता

इंदूरहून उज्जैनकडे जाणाऱ्या रस्त्यावरील सांवेरच्या वरातीत वाजणारा माळवी ढोल असो, किंवा गोव्यातील तियात्राच्या वाद्यवृंदातला ड्रमसेट. त्याचे ध्वनिमुद्रण करू पाहणाऱ्याला एक चमत्कारिक अनुभव येतोच. एका मायक्रोफोनवर घेतलेला नाद भरदार उतरतो. तो अधिक भरावा म्हणून दुसरा मायक्रोफोन लावला जातो आणि दोन्ही एकत्र ऐकताना नाद पातळ, पोकळ होतो. यंत्रे निर्दोष असतात, वादकही तोच असतो. दोष असतो तो अंतराचा.

ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. एक मायक्रोफोन दुसऱ्यापेक्षा वाद्यापासून ३४ सेंटिमीटर दूर असला, तर आघात त्याच्यापर्यंत सेकंदाचा हजारावा भाग उशिरा पोहोचतो. एवढ्या विलंबाने सेकंदाला ५०० कंपने असलेल्या स्वराची लहर एका मायक्रोफोनवर उंचवट्याला, तर दुसऱ्यावर खळग्यात असते. दोन्हींची बेरीज केली की ती जवळजवळ शून्य होते. लहरीच्या या स्थितीला भौतिकशास्त्राची मराठी पुस्तके कला म्हणतात आणि ध्वनिमुद्रक फेज म्हणतात. या प्रश्नाच्या मुळाशी जाऊन त्याला व्यवस्थित उत्तर देणारा पहिला मोठा अभियंता म्हणजे अ‍ॅलन डॉवर ब्लमलाईन.

त्याचा जन्म २९ जून १९०३ रोजी लंडनमधील हॅम्पस्टेड येथे झाला. वडील जर्मनीतून येऊन ब्रिटिश नागरिक झालेले, तर आई दक्षिण आफ्रिकेत गेलेल्या एका स्कॉटिश मिशनऱ्याची मुलगी. लहानपणी अ‍ॅलनला वाचनाची गती फारशी नव्हती. यंत्रे आणि गणित मात्र त्याला लवकर वश झाले. हायगेट शाळेनंतर त्याने लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स महाविद्यालयात विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि प्रथम वर्गात पदवी मिळवली. १९२४ साली तो दूरध्वनीच्या व्यवसायात शिरला. लांब पल्ल्याच्या तारांमध्ये एका जोडीतील संभाषण शेजारच्या जोडीत झिरपते, हा त्या काळातील मोठा उपद्रव होता. तो दूर करता करता दोन संकेत कसे वेगळे राखावेत आणि एकमेकांतून कसे वजा करावेत, याची त्याला जाण आली. पुढील सारे कार्य याच जाणिवेतून उभे राहिले.

१९२९ साली आयझॅक शोनबर्ग यांनी त्याला कोलंबिया ग्रामोफोन कंपनीत आणले. तबकडी कोरण्याच्या विद्युत पद्धतीचे एकस्व तेव्हा अमेरिकन कंपनीकडे होते आणि प्रत्येक तबकडीमागे तिला मोबदला द्यावा लागे. ब्लमलाईनने सहकाऱ्यांसह वेगळ्या तत्त्वावरचे कोरणयंत्र घडवले आणि ते बंधन सुटले. १९३१ मध्ये कोलंबिया आणि ग्रामोफोन कंपनी एकत्र येऊन ईएमआय स्थापन झाली. कुत्र्याचे चित्र असलेल्या ज्या एचएमव्ही तबकड्या गोव्यातील आणि महाराष्ट्रातील घरांतून जपल्या गेल्या, त्यांचे घराणे हेच.

त्याच वर्षी तो आपल्या भावी पत्नीसह चित्रपट पाहावयास गेला, अशी हकिकत सांगितली जाते. नट पडद्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात होता. आवाज मात्र एकाच ध्वनिक्षेपकातून, एकाच जागेवरून येत होता. ती विसंगती ब्लमलाईनला खटकली आणि आवाज माणसाच्या मागोमाग चालवता येईल, अशी खात्री त्याला वाटली. १४ डिसेंबर १९३१ रोजी त्याने एकस्वासाठी अर्ज केला. १९३३ साली मान्य झालेल्या या ३९४३२५ क्रमांकाच्या एकस्वात ७० दावे होते आणि पुढे स्टिरिओ म्हणून जगाला परिचित झालेल्या पद्धतीची जवळजवळ सर्व अंगे त्यात होती.

त्याच्या विचाराचा आरंभ मानवी कानापासून झाला. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानात किंचित आधी आणि किंचित मोठा पोहोचतो. खालच्या स्वरांत मेंदू मुख्यतः वेळेचा फरक पकडतो, वरच्या स्वरांत मोठेपणाचा. परंतु वेळेतील हाच फरक दोन ध्वनिक्षेपकांतून जसाच्या तसा ऐकवला, तर त्याचा अर्थ बिघडतो, कारण प्रत्येक कानाला दोन्ही क्षेपक ऐकू येतात. म्हणून ब्लमलाईनने दोन मायक्रोफोन कानांइतक्या अंतरावर ठेवून त्यांच्यातील कलेचा फरक मोठेपणाच्या फरकात बदलणारे मंडल रचले. दुसरा मार्ग अधिक सोपा होता. समोरून व मागून ऐकणारे, परंतु बाजूंना बहिरे असलेले दोन मायक्रोफोन एकाच जागी, एकमेकांशी ९० अंशांचा कोन करून ठेवायचे. नाद दोघांपर्यंत एकाच क्षणी पोहोचतो, त्यामुळे समोरच्या वाद्याचा नाद बेरजेत खोडला जात नाही. डावे-उजवे कळते ते केवळ मोठेपणातील फरकावरून. दोन्हींची बेरीज केली की एकमार्गी ध्वनी मिळतो आणि वजाबाकी केली की विस्तार.

तबकडीच्या एकाच खोबणीत दोन मार्ग कसे कोरावेत, हेही त्याने सांगितले. खोबणीच्या दोन भिंती ४५ अंशांत कललेल्या ठेवायच्या आणि प्रत्येक भिंतीवर एक मार्ग उमटवायचा. जानेवारी १९३४ मध्ये लंडनच्या अ‍ॅबी रोड येथे टॉमस बीचम यांच्या संचालनाखाली मोझार्टच्या ज्युपिटर सिंफनीचे असे मुद्रण झाले. १९३५ साली हेज येथे येणाऱ्या-जाणाऱ्या आगगाड्यांचे आणि चालता चालता बोलणाऱ्या माणसांचे प्रायोगिक चित्रपट तयार झाले. त्यांत आवाज खरोखरच माणसासोबत चालत होता.

परंतु मंदीच्या त्या वर्षांत घरोघरी दोन ध्वनिक्षेपक कोण विकत घेणार, हा प्रश्न होता. हे कार्य बाजूला ठेवले गेले आणि ब्लमलाईन दूरचित्रवाणीकडे वळला. २ नोव्हेंबर १९३६ रोजी बीबीसीने अलेक्झांड्रा पॅलेस येथून नियमित प्रक्षेपण सुरू केले, तेव्हा वापरात आलेल्या ४०५ रेषांच्या पद्धतीत त्याचा मोठा वाटा होता. अल्पशा कारकिर्दीत त्याच्या नावावर १२८ एकस्वे नोंदली गेली.

युद्ध सुरू होताच त्याची बुद्धी रडारकडे लावण्यात आली. अंधारातून आणि ढगांतून विमानाला खालची जमीन दाखवणाऱ्या एच-टू-एस या रडारच्या चाचण्या सुरू होत्या. ७ जून १९४२ रोजी ते यंत्र घेऊन उडालेल्या हॅलिफॅक्स विमानाच्या इंजिनाने पेट घेतला आणि वेल्श बिकनर गावाजवळ ते कोसळले. विमानातील अकराही जण मृत्युमुखी पडले. ब्लमलाईनला एकोणचाळिसावे वर्ष पूर्ण होण्यास तीन आठवडे उरले होते. गुप्ततेपायी त्याच्या मृत्यूची वार्ताही दीर्घकाळ दडवली गेली. ज्याने आवाजाला जागा दिली, त्याची स्वतःची जागा रिकामी झाल्याचे जगाला कळू दिले गेले नाही.

स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या त्या १९५७-५८ च्या सुमारास, त्याच्या मृत्यूनंतर पंधरा-सोळा वर्षांनी. त्यांतील खोबणी ४५ अंशांच्या भिंतींचीच होती. मुंबईच्या चित्रपट स्टुडिओंत त्या काळी एकमार्गी मुद्रणाचेच राज्य होते. वाद्यवृंदातील गोमंतकीय वादकांना मायक्रोफोनपासून जवळ किंवा दूर बसवूनच नादाचा तोल साधला जाई. मायक्रोफोन मोजके असल्याने कलेचे भांडणही मोजकेच असे. पुढे ड्रमसेटच्या प्रत्येक वाद्याला स्वतंत्र मायक्रोफोन लागू लागला आणि ब्लमलाईनने सोडवलेला प्रश्न प्रत्येक स्टुडिओत रोज उभा राहू लागला.

त्याचे उत्तर आजही त्याच तत्त्वावर मिळते. वर टांगलेले दोन मायक्रोफोन स्नेअरपासून समान अंतरावर आहेत की नाहीत, हे ध्वनिमुद्रक दोरीने मोजतो. स्नेअरच्या वर आणि खाली मायक्रोफोन लावले, तर आघाताच्या क्षणी वरचे कातडे एकापासून दूर जाते आणि खालचे दुसऱ्याकडे येते. म्हणून एकाची ध्रुवता उलटावी लागते. दोन्ही तोंडांवर मायक्रोफोन लावलेल्या माळवी ढोलालाही हाच न्याय लागू पडतो. आणि खोली चांगली असेल, तर ड्रमसेटसमोर एकाच जागी काटकोनात दोन मायक्रोफोन उभे केले जातात. जगभरचे ध्वनिमुद्रक त्या रचनेला ब्लमलाईन जोडी म्हणतात.

२०१५ साली अ‍ॅबी रोड येथे त्याच्या शोधाचा सन्मानफलक बसवण्यात आला आणि २०१७ साली त्याला मरणोत्तर तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार देण्यात आला. ज्यांनी त्याचे नाव कधी ऐकले नाही, तेही दोन कानांनी गाणे ऐकताना त्याचेच ऋण वापरत असतात.