कॉलऱ्याचे जंतू प्यायलेला शास्त्रज्ञ

परळच्या हाफकिन संस्थेमुळे वाल्देमार हाफकिन यांचे नाव मुंबईकरांच्या परिचयाचे आहे. त्यांना ओडेसा येथे विज्ञानाची दीक्षा देणारे इल्या मेचनिकोव्ह मात्र आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसतात. जंतूंशी लढणाऱ्या शरीराचा आज जो विचार होतो, त्याचा एक मोठा प्रवाह याच गुरूपासून निघतो.

मेचनिकोव्ह यांचा जन्म १८४५ चा, खारकोव्हजवळचा. शिक्षणाने ते प्राणिशास्त्रज्ञ होते, वैद्य नव्हते. तारुण्य दुःखात गेले. पहिली पत्नी लुडमिला लग्नाच्या दिवशीच क्षयाने इतकी खंगली होती, की तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. १८७३ मध्ये ती गेली. पुढे दुसरी पत्नी ओल्गा हिला विषमज्वराने गाठले. ती वाचली, पण या आजारपणाने मेचनिकोव्ह पार खचले.

१८८२ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत एक काटा टोचला. दुसऱ्या दिवशी पाहतात तो काट्याभोवती फिरत्या पेशींनी गराडा घातलेला! परक्या वस्तूला घेरून गिळणाऱ्या या भक्षक पेशी म्हणजेच शरीराचे रक्षक, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. जर्मन पंडितांना तो रुचला नाही. १८८८ मध्ये मेचनिकोव्ह पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत दाखल झाले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले.

१८९२ च्या कॉलऱ्याच्या साथीत त्यांनी धाडस म्हणावे की अविचार, असा एक प्रयोग केला. कॉलऱ्याचे जंतू ते स्वतः प्यायले. त्यांना काहीच झाले नाही. एका सहकाऱ्याला मात्र तोच पेला जवळजवळ जिवावर बेतला. जंतू तेच असताना हा फरक का पडावा? मेचनिकोव्ह यांनी प्रयोगशाळेत ताडून पाहिले, तेव्हा आतड्यात वसणारे काही जीवाणू कॉलऱ्याच्या जंतूंना वाढू देतात, तर काही रोखतात असे दिसले. सहकाऱ्याच्या प्राणाशी झालेला हा खेळ आज कोणतीही नीतिसमिती मान्य करणार नाही. पण आतड्यातील मूळ रहिवासी परक्याला जागा मिळू देत नाहीत, ही कल्पना आज सर्वमान्य आहे.

त्यांच्या सिद्धान्ताला तडाही कॉलऱ्याच्याच जंतूंनी दिला. १८९४ मध्ये रिचर्ड फायफर यांनी दाखवले, की प्रतिकारक्षम केलेल्या गिनिपिगच्या उदरपोकळीत हे जंतू भक्षक पेशींच्या मदतीवाचून विरघळतात. पाठोपाठ मेचनिकोव्ह यांच्याच प्रयोगशाळेत ज्यूल बोर्दे यांनी रक्तद्रवातील या मारक शक्तीचा उलगडा केला. शिष्याचा हा शोध गुरूच्या मताला अडचणीचा होता, तरी तो दडपला गेला नाही. १९०८ चे नोबेल मेचनिकोव्ह आणि प्रतिपिंडांचे पुरस्कर्ते पॉल एर्लिख यांना विभागून मिळाले.

ही वाटणी किती समर्पक होती, हे आतड्याच्या आजारांतच दिसते. कॉलऱ्याचा जंतू आतड्याच्या अस्तराला चिकटतो, आत शिरत नाही. त्याचे विष शरीरातील पाणी बाहेर खेचते. तिथे भक्षक पेशींपेक्षा आतड्याच्या पोकळीत पाझरणारी प्रतिपिंडे अधिक कामाची, कारण ती जंतूला अस्तराला चिकटूच देत नाहीत. विषमज्वराचा जंतू मात्र अस्तर ओलांडतो, भक्षक पेशीकडून गिळला जातो आणि तिच्याच पोटात तग धरून यकृत-प्लीहेपर्यंत पोहोचतो. पहारेकऱ्याच्याच घरात चोर! टी-पेशींचा इशारा मिळाला, की मगच त्या भक्षक पेशीला त्याला मारण्याचे बळ येते.

उत्तरायुष्यात मेचनिकोव्ह यांना वार्धक्याने पछाडले. मोठ्या आतड्यातील कुजण्यामुळे माणूस लवकर म्हातारा होतो, अशी त्यांची धारणा झाली आणि ते रोज आंबवलेले दूध घेऊ लागले. युरोपात त्याची लाटच आली. ताक-दह्यावर वाढलेल्या आपल्याला त्यात नवल वाटू नये. मात्र त्याने आयुष्य वाढते, हे त्यांना सिद्ध करता आले नाही. १९१६ च्या जुलैमध्ये, महायुद्ध पेटलेले असताना, वयाच्या ७१ व्या वर्षी हृदयविकाराने पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा अस्थिकलश पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवण्यात आला.