हरिश्चंद्राची दुसरी प्रत

बँकेत असताना एक नियम अंगवळणी पडला होता. तिजोरीच्या डुप्लिकेट किल्ल्या त्याच शाखेत ठेवायच्या नाहीत. मोहोरबंद पाकिटात घालून त्या दुसऱ्या शाखेच्या ताब्यात द्यायच्या. परक्याच्या पैशाची इतकी काळजी वाहणाऱ्या मी घरात मात्र आईचे सगळे फोटो एकाच हार्ड डिस्कवर ठेवले होते.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आधी, ती डिस्क टकटक करू लागली. जवळच्या दुकानातल्या मुलाने तिच्यावर दुरुस्तीचा प्रोग्रॅम रात्रभर चालवला आणि सकाळी ती पार मुकी झाली. शेवटी भाच्याने जाणकार माणूस गाठला. बरेचसे फोटो परत आले, पण २००९ सालच्या त्र्यंबकेश्वरच्या सहलीचे आले नाहीत. कुशावर्ताच्या पायऱ्यांवर बसलेली आई, आणि तिच्या चेहऱ्याच्या जागी करड्या पट्ट्या! पुढच्याच वर्षी ती गेली.

त्या सहलीत आई एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती. तिच्या वडिलांनी लहानपणी 'लंकादहन' पाहिला होता आणि तो काढणारा माणूस याच गावात जन्मला होता. फोटो गेल्यावर मला त्या माणसाची आठवण झाली. दादासाहेब फाळक्यांची चरित्रे पूर्वी वाचलेली होती. आता ती वेगळ्या नजरेने वाचू लागलो. एका चित्राच्या अनेक प्रती काढण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याच्या स्वतःच्या कामाच्या किती प्रती उरल्या, हे मला पाहायचे होते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा. वडील संस्कृतचे विद्वान. मुलगा मात्र १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला, पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेला. चित्रकला, छायाचित्रण, साचेकाम, जादूचे प्रयोग, जे समोर येईल ते शिकण्याची त्यांना भूक होती. गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ थाटला; पण प्लेगने पहिली पत्नी आणि मूल हिरावून नेले आणि ते गाव सुटले. पुढे काही काळ पुराणवस्तू खात्यात नोकरी केली, नंतर लोणावळ्याला छापखाना काढला. राजा रविवर्म्यांची चित्रे ज्या शिळाछापाने घरोघरी पोचली, त्या कामातही त्यांचा हात होता. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे आणायला ते जर्मनीला जाऊन आले. मग भागीदारांशी बिनसले आणि चाळिशीत आलेला हा माणूस चालता धंदा सोडून रिकाम्या हाताने बाहेर पडला.

१९११ मध्ये त्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि फाळक्यांना तिथे राम-कृष्ण दिसत होते. मग रोज चित्रपट पाहणे, रात्र रात्र प्रयोग करणे. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दृष्टीच गेली. उपचारांनी ती परत आली. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, सेसिल हेपवर्थ यांच्याकडे चित्रपटनिर्मिती जवळून पाहिली आणि विल्यमसन कॅमेऱ्याची मागणी नोंदवून परतले.

कर्जाची प्रकरणे मी आयुष्यभर तपासली. चाळिशी उलटलेला, नोकरी नाही, विमा आधीच गहाण, आणि धंदा असा की देशात कोणी केलेला नाही. माझ्या टेबलावर हे प्रकरण आले असते, तर मी ते परतच पाठवले असते! फाळक्यांनी भांडवलदारांपुढे शब्द मांडले नाहीत. कुंडीत वाटाणा पेरला, त्याच्या वाढीची चित्रे महिनाभर एकेक करून टिपली आणि मिनिटभरात रोप उगवताना दाखवले. छायाचित्रणाच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांनी पैसा दिला.

बाकीचे सरस्वतीबाईंनी दिले. या त्यांच्या दुसऱ्या पत्नी. त्यांचे दागिने गेले. सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याकडेच होता. त्या काळी कोऱ्या फिल्मला कडेची भोके आपली आपण पाडावी लागत. दिवसभराच्या रगाड्यानंतर अंधारात बसून ते काम त्या करीत, फिल्म धुवायलाही हात लावीत. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना, तेव्हा खाणावळीत काम करणाऱ्या साळुंक्यांना लुगडे नेसवले. रोहिदास झाला घरचाच मुलगा भालचंद्र. २१ एप्रिल १९१३ ला निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. चार रिळे, सुमारे ३,७०० फूट.

त्यानंतर नाशिकला मुक्काम हलला. 'मोहिनी भस्मासुर', 'सत्यवान सावित्री' निघाले, १९१४ मध्ये लंडनलाही खेळ झाले. मग महायुद्धाने पैशाचे झरे आटले. आणि माझ्या दृष्टीने या चरित्रातला सर्वांत बोलका प्रसंग १९१७ मध्ये घडला. ज्या 'हरिश्चंद्रा'ने नाव मिळवून दिले, तो फाळक्यांनी पुन्हा पहिल्यापासून चित्रित केला. एका थिएटरातून दुसरीकडे नेताना मूळ चित्रपट उन्हाच्या तापाने जळाला, अशी हकीकत सांगितली जाते. त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती भडकन पेट घेई; आणि पेटली नाही तरी डब्यातल्या डब्यात चिकट होऊन शेवटी तिची भुकटी होई. शिवाय कमावण्यासाठी गावोगाव फिरवावी तशी प्रत झिजे. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाने तोच स्मशानघाट, तेच राजवाडे पुन्हा उभे केले.

त्याच वर्षी आला 'लंकादहन', ज्यात साळुंकेच राम आणि साळुंकेच सीता. १९१८ मध्ये हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. 'श्रीकृष्णजन्म' आणि 'कालियामर्दन' मध्ये मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. पण भागीदारांशी याही खेपेला पटले नाही. ते काशीला जाऊन राहिले, तिथे 'रंगभूमी' नाटक लिहिले, पुन्हा कंपनीत परतले. तोवर बोलपट आला. १९३२ चा 'सेतुबंधन' आणि कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला १९३७ चा 'गंगावतरण', एवढ्यावर वाटचाल थांबली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये विपन्नावस्थेत त्यांचे निधन झाले.

आणि त्यांचे चित्रपट? कंपन्या बुडाल्या, गोदामे रिकामी झाली. जुन्या फिल्मवरची चांदी काढून घेण्यासाठी रिळे भंगारात गेली, हा त्या काळचा रिवाजच होता. 'राजा हरिश्चंद्रा'ची पहिली आणि शेवटची, अशी दोनच रिळे आज आहेत. आणि तीही १९१३ ची नसून १९१७ च्या दुसऱ्या चित्रणाची असावीत, असे काही अभ्यासक मानतात. म्हणजे आपण ज्याला आद्य चित्रपट म्हणून हात जोडतो, ती कदाचित दुसरी प्रत आहे. ती काढली नसती, तर हात जोडायला काहीच नव्हते.

१९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले. तिथल्या पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबीयांच्या घरी राहिलेले तुकडे मिळवले आणि जुन्या टिपणांच्या आधाराने 'कालियामर्दन' जुळवला. छोटी मंदाकिनी आज आपल्याला दिसते ती त्यामुळे. पुढे ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात नायट्रेट फिल्मच्या कोठारालाच आग लागली. ज्या फिल्मच्या प्रती आधी सहज पेट न घेणाऱ्या फिल्मवर उतरवून वेगळ्या ठेवल्या होत्या, त्या वाचल्या. नायट्रेट गेले, चित्र राहिले.

आमच्या जाणकाराने नेमके हेच केले होते. दुरुस्तीला हात न लावता त्याने आधी मरणाऱ्या डिस्कची, आतल्या भागांसकट, जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवली. जे सहज वाचता येते ते आधी. जिथे अडते तिथे शेवटी. मग शोधाशोध त्या नकलेवर. टकटक सुरू होताच डिस्क बंद करायला हवी होती. दुकानातल्या रात्रभरच्या खटाटोपाने तिचा उरलेला जीव गेला. फोटो चुकून पुसला गेला असेल तरी त्याच जागी नवे काही साठवू नये, कारण पुसताना बहुधा यादीतले नाव जाते, चित्र तिथेच असते. नवे लिहिले की ते खरोखर जाते. हल्लीच्या न फिरणाऱ्या एसएसडीत मात्र तीही आशा फारशी नसते.

आता घरात नियम केला आहे. प्रती तीन: एक संगणकात, एक वेगळ्या डिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावी. डिस्कवरची प्रत एरवी काढून ठेवायची, म्हणजे विजेचा झटका किंवा व्हायरस दोन्ही एकदम नेणार नाही. मोबाइलचे फोटो इंटरनेटवर आपोआप चढतात म्हणून निर्धास्त राहू नये; अनेकदा एकीकडे पुसले की दुसरीकडेही पुसले जातात. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो बहुधा आकसलेला असतो, ती प्रत मूळ म्हणून धरू नये. आणि वर्षातून एकदा काही फोटो उघडून पाहायचे. तपासणी न झालेल्या तिजोरीत काय आहे, हे मॅनेजरलाही ठाऊक नसते.

फाळक्यांना हरिश्चंद्र पुन्हा उभा करता आला. मला आईला त्या पायऱ्यांवर पुन्हा बसवता येणार नाही.

पण नाशिकच्या मावशीने त्या सहलीनंतर हट्टाने सहा फोटो स्टुडिओत छापून घेतले होते. तेव्हा मी तिला हसलो होतो. तिच्या अल्बममध्ये कुशावर्ताची पायरी सापडली, आई सापडली, कोपऱ्यात अर्धा कापलेला मीही सापडलो. ते सहाही फोटो स्कॅन करून घेतले. गेल्या महिन्यात तिसरी डिस्क मावशीच्या कपाटात ठेवून आलो. तिने काही विचारले नाही. पण जुन्या सवयीने मी वहीत नोंद केली, तारीख घातली आणि तिची सही घेतली.