मागावरची चित्रे

माग म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे धोतरे, लुगडी, सतरंज्या उभ्या राहतात. मागावर चित्रही निर्माण होते, आणि ते भिंतीवर टांगून लोक तासन्‌तास पाहतात, हे फार थोड्यांच्या मनात येते. जर्मनीतील ॲनी आल्बर्स हिने ते करून दाखविले. पण मागाकडे ती आपल्या खुशीने मुळीच वळली नव्हती!

१८९९ साली बर्लिन शहरी एका सधन ज्यू वंशाच्या कुटुंबात तिचा जन्म झाला. लहानपणापासून तिला कलेचा नाद होता. १९२२ साली ती वायमार येथील बौहाउस या कलाशाळेत दाखल झाली. येथे स्त्री-पुरुष असा भेद केला जाणार नाही, असे शाळा निघाली तेव्हाच जाहीर झाले होते. प्रत्यक्षात मात्र मुलींना बहुधा विणकामाकडेच धाडीत. ॲनीच्या मनात काचकाम शिकावयाचे होते. तेथे तिला प्रवेश मिळाला नाही. धाग्यांचे काम तिला अगदी मिळमिळीत वाटे; तरी निरुपायाने ती मागावर बसली.

मागावर उभे ताणलेले धागे म्हणजे ताणा, आणि धोट्याने आडवा घातला जातो तो बाणा. चित्रकाराचा कुंचला हवा तिकडे वळतो. विणकराचा धागा तसा वळत नाही. पण या बंधनातच ॲनीला हळूहळू गोडी वाटू लागली. १९३० च्या सुमारास तिने बर्नाऊ येथील एका सभागृहासाठी भिंतीचे कापड विणले. त्यात एका बाजूस मऊ सुती धागा होता, तो आवाज शोषून घेई. दुसऱ्या बाजूस सेलोफेन होते, ते प्रकाश परतवून देई. कापड असे दुहेरी काम करते, हे पाहून परीक्षकांनी तिला पदविका दिली.

१९३३ साली नाझींच्या दडपणामुळे शाळा बंद पडली. ॲनी आणि तिचे पती, चित्रकार जोसेफ आल्बर्स, यांनी देश सोडला व अमेरिकेतील ब्लॅक माउंटन महाविद्यालयात शिकविण्याचे काम पत्करले. तेथून ती पुनःपुन्हा मेक्सिकोला जाई. दक्षिण अमेरिकेतील प्राचीन विणकरांची वस्त्रे पाहून ती थक्क झाली. आपले खरे गुरू पेरू देशातील ते अनामिक विणकर होत, असे ती मानी. १९६५ साली विणकामावर लिहिलेला ग्रंथही तिने त्यांनाच अर्पण केला. १९४९ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने तिच्या कामाचे स्वतंत्र प्रदर्शन भरविले. तोवर तेथे कोणाही विणकराला हा मान मिळाला नव्हता.

पुढे त्याच शहरातील ज्यू संग्रहालयाने तिला एक अवघड काम सांगितले. हिटलरच्या राजवटीत साठ लाख ज्यू मारले गेले होते; त्यांचे स्मारक तिने विणावयाचे होते. ॲनीने माणसाएवढ्या उंचीचे सहा पट विणले. त्यांत चेहरा नाही, अक्षर नाही. काळ्या, पांढऱ्या धाग्यांतून रुपेरी धागा वळत, थांबत, पुन्हा पुढे जातो. जवळ जाऊन पाहणाऱ्यास कोणी काही लिहीत आहे असा भास होतो. पण ते वाचता येत नाही. १९६७ च्या सुमारास हे काम पुरे झाले. ॲनी १९९४ साली वारली. ते सहा पट त्या संग्रहालयाच्या संग्रहात आहेत.