अश्वारोहणाचा क्रांतिकारक : फेडेरिको काप्रिल्ली

फेडेरिको काप्रिल्लीचा जन्म १८६८ साली इटलीतील लिव्होर्नो येथे झाला. पुढे तो घोडदळात अधिकारी झाला. त्या काळी अडथळ्यावरून उडी घेताना स्वार मागे रेलत आणि लगाम खेचून धरीत. घोड्याचे तोंड दुखावे, पाठीवर भार आदळे; मग तो उडीलाच बिचके. काप्रिल्लीने घोड्यांच्या उड्यांचे बारकाईने निरीक्षण केले. रिकिबी आखूड करा, पुढे झुका, हात सैल सोडा, असे त्याने स्वारांना शिकविले. जुन्या मताच्या अधिकाऱ्यांना हे रुचले नाही. परंतु १९०२ साली तुरीन येथे त्याने २.०८ मीटर उंच उडी घेतली. पिनेरोलोच्या घोडदळ विद्यालयात त्याची पद्धत रूढ झाली. १९०७ साली घोड्यावरून पडून, अवघ्या ३९ व्या वर्षी, त्याचा अंत झाला.

रिंगणातील ड्रेसाजचे शिक्षण उडीच्या घोड्याला द्यावे, हे मात्र त्याला मान्य नव्हते. येथे काळाने त्याला अर्धाच कौल दिला. आजच्या स्पर्धांत वळणे अरुंद असतात, दोन अडथळ्यांमधील टापा मोजून घ्याव्या लागतात. वेग आवरणे, मागच्या पायांवर तोल घेणे, हे घोडा ड्रेसाजमध्येच शिकतो. उडी काप्रिल्लीची, पण तिची पूर्वतयारी ड्रेसाजची, असा हा समझोता आहे.