यंत्रमानवाचे जनक : कारेल चापेक

चेक भाषेतील एकच शब्द आज जगातील बहुतेक भाषांत जसाच्या तसा रूढ झालेला आहे. तो शब्द म्हणजे रोबोट. मराठीत आपण त्याला यंत्रमानव म्हणतो, आणि बोलण्याच्या ओघात शेवटचा टकार गाळून नुसते रोबो म्हणूनही मोकळे होतो. ज्या नाटकातून हा शब्द देशोदेशी गेला ते नाटक वाचणारे मात्र थोडे. त्या नाटकातील रोबोट हे यंत्र नव्हतेच, आणि नाटककाराने हा शब्द स्वतः घडवलाही नव्हता, या दोन गोष्टी ठाऊक असणारे त्याहून थोडे. कारेल चापेक यांच्या वाट्याला आलेली कीर्ती ही अशी काहीशी चुकीच्या पत्त्यावर पोहोचलेली आहे.

कारेल यांचा जन्म ९ जानेवारी १८९० रोजी ईशान्य बोहेमियातील माले स्वातोन्योवित्से या डोंगरपायथ्याच्या गावी झाला. बोहेमिया त्या काळी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात मोडत असे आणि राज्यकारभारात जर्मन भाषेचा वरचष्मा होता. वडील आन्तोनिन हे डॉक्टर. लवकरच हे कुटुंब जवळच्या ऊपित्से गावी राहावयास गेले. तेथे कापडाच्या गिरण्या होत्या, आसपास कोळशाच्या खाणी होत्या, आणि गिरणीतील व खाणीतील कामगार हेच वडिलांचे रोगी. यंत्र माणसाला काय देते आणि त्याच्याकडून काय काढून घेते, हे या मुलाने वडिलांच्या दवाखान्याच्या उंबरठ्यावरून पाहिले. आई लोककथा व लोकगीते जमवीत असे. घरात आजी होती. तिच्या बोलण्यात म्हणी, उखाणे आणि ठसकेबाज ग्रामीण शब्द यांचा कधी न आटणारा झरा होता. विद्वत्तेच्या भाषेपेक्षा साध्या माणसाच्या तोंडची चेक भाषा चापेकांच्या लेखणीत उतरली, ती या आजीची देणगी असे त्यांचे चरित्रकार मानतात. बहीण हेलेना आणि भाऊ योसेफ ही दोघे कारेलहून वडील. योसेफ तीन वर्षांनी मोठा. पुढे चित्रकार व लेखक झाला. या दोघा भावांची जोडी अखेरपर्यंत अभेद्य राहिली. प्रारंभीच्या कथा तर त्यांनी एकत्रच लिहिल्या आणि दोघांच्या नावाने छापल्या.

शालेय वयातच कारेल यांना सरकारी रोषाची चुणूक मिळाली. ह्राडेट्स क्रालोव्हे येथील विद्यालयात एका गुप्त विद्यार्थी मंडळात सामील झाल्यामुळे त्यांना ती शाळा सोडावी लागली. ब्रनो येथे व नंतर प्रागमध्ये शिक्षण पुरे झाले. विद्यापीठात त्यांनी तत्त्वज्ञान घेतले, बर्लिन आणि पॅरिस येथेही अध्ययन केले आणि १९१५ साली सौंदर्यशास्त्रावरील प्रबंधाला डॉक्टरेट मिळवली. त्याच सुमारास पाठीच्या कण्याच्या विकाराने त्यांना ग्रासले. मणके हळूहळू ताठरत जाणारा हा रोग पुढे जन्मभर सोबतीला राहिला. वाकणे, वळणे दुष्कर झाले, हाती काठी आली. याच दुखण्यामुळे पहिल्या महायुद्धात त्यांना सैन्यात जावे लागले नाही. बरोबरीचे तरुण खंदकांत मरत असताना आपण घरी आहोत, ही जाणीव संवेदनशील माणसाला सुखाची असणे शक्य नव्हते.

१९१८ साली साम्राज्य कोसळले आणि चेकोस्लोव्हाकियाचे प्रजासत्ताक जन्मास आले. चापेक तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते आणि वृत्तपत्रात नोकरी करीत होते. १९२१ पासून ते लिदोव्हे नोव्हिनी या दैनिकात रुजू झाले आणि मृत्यूपर्यंत तेथेच राहिले. त्यांचे बहुतेक वाङ्मय प्रथम दैनिकाच्या रकान्यातून वाचकांपुढे आले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अग्रलेख, प्रवासवर्णने, मुलांच्या गोष्टी, बागेतील माती, पाळलेल्या कुत्रीचे पिल्लू असा कोणताही विषय त्यांना वर्ज्य नव्हता. पत्रकाराचे लेखन क्षणजीवी असते या समजाला त्यांनी जिवंतपणीच खोटे पाडले.

आता त्या नाटकाकडे वळावयास हवे. १९२० साली कारेल यांना एक कल्पना सुचली : कारखान्यात माणसे तयार केली तर? ती सांगण्यासाठी ते योसेफकडे गेले. योसेफ चित्रफलकापुढे उभा होता आणि कुंचला तोंडात धरलेला होता. या कृत्रिम मजुरांना काय नाव द्यावे, लॅटिनमधील श्रमवाचक शब्दावरून एक नाव सुचते आहे पण ते फार पुस्तकी वाटते, अशी अडचण कारेलने मांडली. योसेफने मान न वळवता, तोंडातील कुंचल्यासह पुटपुटत, रोबोट हे नाव सुचवले आणि रंगकाम चालू ठेवले. ही हकीकत कारेल यांनी पुढे १९३३ साली स्वतःच आपल्या दैनिकात सांगितली आणि शब्दाचे श्रेय भावाच्या पदरात टाकले. चेक भाषेत रोबोटा म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळाने सक्तीने करावयाचे काम. ऑस्ट्रियाच्या राज्यात ही प्रथा १८४८ साली बंद झाली. मराठी वाचकाला याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्याकडे त्याला वेठ म्हणतात. रोबोट म्हणजे खरे तर वेठबिगार. यंत्रमानव या आपल्या प्रतिशब्दात यंत्र आले, मानवही आला, पण वेठ निसटली, आणि नाटकाचे मर्म नेमके तेथेच होते.

नाटकाचे नाव आर. यू. आर., म्हणजे रोसुमचे सार्वत्रिक रोबोट. रोसुम हे नाव बुद्धी या अर्थाच्या चेक शब्दावरून घेतलेले. नाटकात रोसुम दोन आहेत. थोरला रोसुम शास्त्रज्ञ. त्याला सजीव द्रव्यासारखे वागणारे एक द्रव्य सापडते आणि ईश्वराची गरज नाही हे सिद्ध करण्याच्या ईर्ष्येने तो हुबेहूब माणूस घडवावयास बसतो. धाकटा रोसुम अभियंता. हुबेहूब माणूस करण्यात त्याला वेळेचा अपव्यय दिसतो. मजुराला गाणे, फिरणे, आनंद होणे हे कशाला हवे? कामाला जे लागत नाही ते सारे तो वगळतो, आणि उरते त्याचा कारखाना काढतो. शोध ज्ञानाच्या अहंकारातून निघाला आणि बाजाराच्या हाती पडला, हा प्रवास चापेकांनी पहिल्या काही पानांतच उरकला आहे. हे रोबोट लोखंडाचे नाहीत. ते मांसमज्जेसारख्या पदार्थाचे आहेत. हौदांत मळून, गिरणीत विणून तयार होतात आणि दिसतात माणसासारखेच. कारखान्याचा संचालक दोमीन हा काही खलपुरुष नव्हे. माणसाला कष्टातून सोडवावे, भाकरी स्वस्त व्हावी, हे त्याचे स्वप्न प्रामाणिक आहे. पण रोबोट स्वस्त होतात तसे कामगार रस्त्यावर येतात, सरकारे रोबोटांच्या पलटणी विकत घेतात, आणि जिची गरज उरली नाही त्या मानवजातीत मुले जन्मणेच थांबते. अखेर रोबोट उठाव करतात. अल्क्विस्ट नावाचा एकच माणूस वाचतो, कारण तो अजून हाताने काम करतो. रोबोट निर्माण करण्याचा मंत्र ज्या कागदांत होता ते कागद तोवर जळून गेलेले असतात.

जानेवारी १९२१ मध्ये हे नाटक रंगभूमीवर आले. २५ जानेवारीला प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात त्याचा पहिला प्रयोग झाला. पुढच्याच वर्षी ते न्यूयॉर्कला आणि १९२३ साली लंडनला पोहोचले. लंडनमध्ये त्यावर जाहीर चर्चा झाली आणि शॉ व चेस्टरटन यांच्यासारख्यांनी तीत भाग घेतला. सर्वांचे लक्ष रोबोटांवरच खिळले, याचे चापेकांना वैषम्य वाटले. आपल्याला रोबोटांपेक्षा माणसांत अधिक रस होता, आणि नाटकातील प्रत्येक माणूस आपापल्या परीने बरोबर आहे, त्यातच खरी भयंकर गोष्ट आहे, असे त्यांनी उत्तरादाखल लिहिले. पुढे पत्र्याचे, तारांचे रोबोट चित्रपटांत आणि प्रदर्शनांत झळकू लागले तेव्हा, १९३५ साली, चापेकांना पुन्हा लेखणी उचलावी लागली. दातेरी चक्रांना माणसाची बुद्धी येईल असे आपण कधीही म्हटले नव्हते, अशी तक्रार त्यांनी नोंदवली. तिचा काही उपयोग झाला नाही.

एक नाट्यकृती म्हणून आर. यू. आर. निर्दोष नाही. पहिला अंक व्याख्यानासारखा वाटतो आणि शेवटच्या अंकातील दोन रोबोटांचे प्रेम घाईने उरकल्यासारखे वाटते. तथापि विषय त्यांनी येथे सोडला नाही. १९२२ च्या कादंबरीत अणूचे संपूर्ण ज्वलन करणारे यंत्र येते. त्यातून अपार ऊर्जा मिळते, पण जडात कोंडलेले परमतत्त्वही धुरासारखे मोकळे सुटते आणि कारखान्यांच्या मालकांपासून मजुरांपर्यंत सर्वांना भक्तीची बाधा होते. मग ज्याचा त्याचा देव खरा ठरू लागतो आणि महायुद्ध पेटते. हा विनोद अत्यंत कडवट आहे. १९२४ सालच्या क्राकातित या कादंबरीत प्रोकोप नावाच्या अभियंत्याला एका महाभयंकर स्फोटकाचा शोध लागतो, आणि त्याच्या सूत्रासाठी शस्त्रवाले, सरदार व क्रांतिवादी सारेच त्याच्या पाठीस लागतात. शेवटी तो ते सूत्रच विसरून जातो. १९४५ नंतर ही कादंबरी वाचणाऱ्याला हा शेवट सुखाचा वाटावा की करुण, हे ठरवणे कठीण जाते. विसरण्याची ती सोय इतिहासाने कोणाला दिली नाही.

या वर्षांत चापेकांचे प्रागमधील घर हे विचारवंतांचे तीर्थस्थान होऊन बसले होते. दर शुक्रवारी तेथे मित्रमंडळी जमत आणि कधीकधी त्यांत राष्ट्राध्यक्ष मासारिकही येऊन बसत. त्या संभाषणांतून मासारिकांचे विचार व आठवणी यांचा ग्रंथ सिद्ध झाला. या ग्रंथाने चापेकांना जितके वाचक दिले तितकेच वैरीही दिले. राष्ट्राध्यक्षांचा लाडका म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवले जाऊ लागले. १९३५ साली, पंधरा वर्षांच्या स्नेहानंतर, अभिनेत्री ओल्गा शाइनफ्लुगोवा यांच्याशी त्यांनी विवाह केला. स्त्रझ येथील घर आणि सभोवारची जमीन त्यांना राहण्यासाठी मिळाली आणि बागकामाच्या वेडाला नवे रान लाभले.

शेजारी जर्मनीत १९३३ पासून जे चालले होते ते मात्र बागेच्या कुंपणाबाहेर राहणारे नव्हते. १९३६ साली ‘न्यूटांशी युद्ध’ ही त्यांची सर्वश्रेष्ठ कादंबरी प्रसिद्ध झाली. सुमात्राजवळच्या एका बेटाशी तोख नावाच्या वृद्ध दर्यावर्दी कप्तानाला लहान मुलाएवढे, दोन पायांवर चालणारे, बुद्धिमान जलचर आढळतात. कप्तान भला माणूस. शार्कपासून बचावासाठी तो त्यांना सुऱ्या देतो आणि मोबदल्यात मोती घेतो. त्याच्यामागून भांडवलदार बोन्दी येतो आणि न्यूटांचा जागतिक व्यापार सुरू होतो. बंदरे खोदावयास न्यूट, धरणे बांधावयास न्यूट. शास्त्रज्ञ त्यांच्यावर प्रयोग करतात, त्यांचे मांस खाण्यायोग्य आहे की नाही हेही तपासतात, आणि प्रत्येक राष्ट्र आपापल्या न्यूटांना शस्त्रे पुरवते. न्यूटांची संख्या वाढते, उथळ किनारा अपुरा पडतो आणि ते जमीन बुडवावयास लागतात. तेव्हाही त्यांना स्फोटके विकणे थांबत नाही, कारण धंदा हा धंदा असतो. त्यांचा सेनापती तर मुळात माणूसच, पहिल्या महायुद्धातील एक सार्जंट. हा इशारा कोणाकडे होता ते वाचकांना सांगावे लागले नाही. एवढ्या मोठ्या पटावर लक्षात राहतो तो पोव्होन्द्रा, बोन्दीचा साधा द्वारपाल. त्यानेच एकदा तोख कप्तानाला दार उघडून आत सोडलेले असते. म्हातारपणी तो मुलासह प्रागच्या नदीकाठी गळ टाकून बसतो. पाण्यातून एक काळे डोके वर येते, आणि आपण त्या दिवशी दार उघडले नसते तर, या विचाराने तो खचून जातो. उद्योगपती आणि सेनापती यांच्यापैकी कोणालाही न झालेला पश्चात्ताप चापेकांनी या द्वारपालाला दिला.

पुढच्याच वर्षी ‘श्वेतरोग’ हे नाटक आले. महामारीवरचा उपाय गवसलेला डॉक्टर गालेन गरिबांवर मोफत उपचार करतो आणि सत्ताधाऱ्यांकडून मात्र युद्ध थांबवण्याची किंमत मागतो. हुकूमशहा स्वतः रोगग्रस्त होऊन नमतो. पण औषध घेऊन निघालेल्या गालेनला युद्धज्वराने पेटलेला जमाव वाटेतच तुडवून मारतो. येथे शोधाचा दुरुपयोग करणारा वैज्ञानिक नाही. शोध योग्य हाती असूनही माणसे वाचत नाहीत.

३० सप्टेंबर १९३८ च्या म्युनिच कराराने चेकोस्लोव्हाकियाचा सरहद्दप्रांत जर्मनीच्या घशात गेला. करारावर इंग्लंड व फ्रान्स यांच्याही सह्या होत्या, आणि चापेकांची सारी श्रद्धा त्या दोन देशांवर होती. देशातीलच काही वृत्तपत्रांनी आणि निनावी पत्रलेखकांनी आता त्यांना लक्ष्य केले. शिव्यांची पत्रे येत, दूरध्वनीवरून धमक्या येत. देश सोडून जाण्याचा सल्ला अनेकांनी दिला. तो त्यांनी मानला नाही. डिसेंबरात सर्दीतापाचे निमित्त झाले, त्याचा न्यूमोनिया झाला आणि २५ डिसेंबर १९३८ रोजी, नाताळच्या दिवशी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. विशेह्राद येथील दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली.

१५ मार्च १९३९ रोजी जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरले. लवकरच गेस्टापोचे अधिकारी चापेकांना अटक करण्यासाठी त्यांच्या घरी आले, आणि ते हयात नाहीत हे त्यांना ओल्गाबाईंकडून समजले. योसेफला मात्र त्यांनी १ सप्टेंबर १९३९ रोजी पकडून नेले. दाखाउ, बुखेनवाल्ड, साक्सेनहाउसेन अशा छावण्यांतून त्याच्याकडून सक्तीने काम करून घेतले गेले. एप्रिल १९४५ मध्ये, युद्ध संपावयास काही आठवडे उरले असताना, बेर्गेन-बेल्सेन येथे त्याचा अंत झाला. छावणीत त्याने लिहिलेल्या कविता १९४६ साली प्रागमध्ये प्रसिद्ध झाल्या.