डेमलो स्टेशनावर सापडलेली संख्या



ही स्मरणिका शाळेची आहे, म्हणून मी एका शाळामास्तरांविषयीच लिहितो. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता, त्यामुळे आकडेमोड घरातलीच. ठाण्यात शाळा झाली, पुढे फर्ग्युसन कॉलेज. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले आणि १९२९ मध्ये ते बी.एस्सी. झाले. त्यापुढे शिक्षण झाले नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत शिकवले.

६१७४ हा कापरेकर स्थिरांक बहुतेकांना ठाऊक असतो. माझी आवडती संख्या मात्र वेगळी आहे: १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकी. जी.आय.पी. रेल्वेच्या ज्या स्टेशनावर या प्रकारच्या संख्यांची कल्पना त्यांना सुचली, त्याचे तेव्हाचे नाव डेमलो, म्हणजे आजचे डोंबिवली. म्हणून या डेमलो संख्या.

११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. असे करत नऊ एक्क्यांचा वर्ग केला की ही संख्या येते. तिच्या अंकांची बेरीज ८१, म्हणजे नऊचा वर्ग. मधला ९ बाजूला ठेवून डावे आणि उजवे आठ अंक मिळवा: १२३४५६७८ अधिक ८७६५४३२१ म्हणजे ९९९९९९९९. पुन्हा सगळे नऊच!

दहा एक्के घेतले की मात्र हा डौल मोडतो. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. कारण साधे आहे. गुणाकार मांडला की मधल्या रकान्यात दहा एक्के जमतात. शून्य लिहून हातचा एक पुढे जातो. तिथल्या नवाचे दहा होतात, पुन्हा शून्य आणि हातचा एक. तो आठात मिळून नऊ होतात आणि मधला आठ नाहीसा होतो.

त्या काळी अनेक गणितज्ञांनी कापरेकरांचे काम गांभीर्याने घेतले नाही. बरेचसे लेखन त्यांनी स्वतःच छापून काढले. मला वाटते, हातच्याचा एक पुढे का जातो हे ज्याला कळले, त्याला गणित कळू लागले. मग त्याला कुणी खेळ म्हणो. आपल्या वर्गात गणिताच्या तासाला पोटात गोळा येणारे पुष्कळ होते. त्यांनाही हा गुणाकार जमला असता.

१९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमध्ये लिहिले, तेव्हा कापरेकरांचे नाव जगभर झाले. निवृत्तीला तेरा वर्षे झाली होती आणि पत्नीही हयात नव्हती. १९८६ मध्ये ते गेले.

घरी नातवंडे असतील तर त्यांना आज १११ चा वर्ग करायला सांगा. उरलेले ती आपणहून करतील.